पेल एलची परीक्षा : लातूर पॅटर्न

पेल एल ही नुसती प्यायची चीज नाही, तिची रीतसर परीक्षा घ्यावी लागते, हा साक्षात्कार पुण्याला 2009 साली झाला. त्या वर्षी तिथं डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. पुढं मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आली, आणि हिंजवडीत नोकरीला असलेले लातूर-नांदेडचे भाचे शनिवारी संध्याकाळी ग्लास दिव्याकडं धरून डोळे बारीक करायला शिकले. असा भाचा लग्नसराईत रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गावी येतो. सॅकमध्ये टॉवेलात गुंडाळलेले कॅन असतात. दिवसभर फ्रीजमध्ये भेंडीमागं लपवलेले हे कॅन संध्याकाळी गच्चीवर येतात, मामाला बोलावणं जातं आणि परीक्षा सुरू होते. परीक्षा बीअरची आहे, असं भाचा म्हणतो.

सदर मार्गदर्शन अशा भाच्यांसाठी, आणि मुख्यतः त्यांच्या तावडीत सापडणाऱ्या मामांसाठी आहे.

प्रथम पात्रता. 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात पिणाऱ्याकडं परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांत होतो. बीअरसाठी वयाची अट 21, कडक दारूसाठी 25. ज्या कागदाच्या नावानं गावोगावच्या परमिट रूम चालतात, तो कागद प्रत्यक्ष पाहिलेला माणूस मात्र शोधून सापडत नाही. बीअरला वास आणि कडूपणा देणाऱ्या हॉप्सच्या जाती भाच्याला तोंडपाठ असतात. परवान्याचं विचारलं की त्याला फोन येतो.

मग वर्गवारी. परमिट रूमचा वेटर जगातल्या यच्चयावत बीअरची विभागणी एका प्रश्नात करतो : स्ट्राँग का माइल्ड? देशात खपणारी बहुतेक बीअर स्ट्राँग असते, लेबलवर आठ टक्क्यांपर्यंतचा आकडा मिरवणारी. हलकी पेल एल साडेचार-पाचच्या आसपास, म्हणजे माइल्ड. आणि आपल्याकडं माइल्ड कोण मागतो? ज्याला डॉक्टरनं तंबी दिली आहे तो, किंवा ज्याचा सासरा शेजारच्या टेबलावर बसला आहे तो. मामाचा पहिला आक्षेप इथंच येतो. “चढणार नसंल तर एवढे पैसे कामून द्यायलास?”

आक्षेप रास्त आहे, पण त्याला उत्तरही आहे. स्ट्राँग बीअरमधला ओबडधोबडपणा मद्यार्काच्या चटक्यात आणि बर्फाळ गारव्यात झाकून जातो. हलक्या एलला लपायला जागा नसते. मॉल्ट शिळा असला, आंबवताना टाकीचं तापमान हाताबाहेर गेलं असलं, हॉप्स जुने असले, तर दुसऱ्या घोटाला सगळं उघडं पडतं. कमी चढणारी बीअर नीट बनवणं जास्त अवघड आहे, हे भाच्याचं म्हणणं खरं आहे. तो ते चाळीस मिनिटं सांगतो, एवढाच दोष.

तापमानाचा नियम सात ते दहा अंशांचा. याहून गार असली तर जीभ बधिर होते आणि वास वर येत नाही. म्हणून कॅन फ्रीजमधून काढून पाच-दहा मिनिटं थांबावं, असं जाणकार सांगतात. हे जाणकार मे महिन्यात नांदेडला आलेले नसावेत. पारा बेचाळिसावर असताना दहा मिनिटं थांबलं तर हाती येईल तो काढा. मराठवाड्यातल्या परीक्षकानं कॅन फोडावा, ओतावा आणि भाषण नंतर करावं.

ग्लासाबद्दल मात्र तडजोड नाही. तेलकटपणा हा फेसाचा वैरी. परमिट रूममध्ये ज्या फडक्यानं मसाला शेंगदाण्याची बशी पुसतात त्यानंच ग्लास पुसतात, आणि मग फेस का बसला म्हणून कंपनीला शिव्या. स्वच्छ ग्लासात बुडबुडे सरळ वर जातात. काचेला जागोजागी चिकटून बसले तर ग्लास मळका समजावा. मिशीला तेल लावणाऱ्या मामांनी परीक्षेपूर्वी ती पुसून घ्यावी. ग्लास आधी तिरपा, मग सरळ, वर दोन बोटं फेस. इथं मामा पुन्हा अडतात, कारण फेसाचे पैसे आपण कुणाला दिलेले नाहीत अशी त्यांची ठाम समजूत असते. हॉप्सचा वास त्या फेसातूनच नाकापर्यंत येतो, हे त्यांना समजावून सांगावं. पटत नाही. ओतत राहावं.

आता खरा पेपर.

“मामा, आधी वास घ्या.”

“कामून? इटलंय का?”

भाचा हसतो. हसू नये. वास घेण्याचं पहिलं कारण तेच आहे. बीअरपरीक्षेचं अर्धं शास्त्र काय बिघडलंय ते ओळखण्याचं आहे. उकडलेल्या मक्याचा वास आला तर ब्रुअरनं रस नीट उकळला नाही. लोण्याचा आला तर आंबवण्याचं काम घाईनं उरकलं. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर आत हवा शिरली, माल जुना झाला. आणि हिरवी बाटली बीअर शॉपीच्या काचेत उन्हात मांडून ठेवली असेल, तर उजेडानं हॉप्समधली द्रव्यं फुटून एक घाणेरडा वास सुटतो. गल्ल्यावर बसणाऱ्याला त्याची इतकी सवय झालेली असते, की त्याला तो बीअरचाच वास वाटतो.

यात मामाला शिकवण्यासारखं फार काही नाही. आयुष्यभर मोंढ्यात आडतीवर बसलेला माणूस पोत्यात हात घालून, तुरीचा दाणा दाताखाली फोडून ओल किती ते सांगतो, आणि कुबट माल कुठल्या कोपऱ्यातल्या थप्पीचा हेही. भाचा म्हणतो, “सिट्रस आहे.” मामा हुंगतात आणि म्हणतात, “मोसंबीचं साल. वाळलेलं नाही, वलं.” गुण कुणाला द्यायचे ते वाचकांनी ठरवावं. अमेरिकेत 1980 च्या सुमारास ज्या कॅस्केड हॉप्सनी आजची पेल एल घडवली, त्यांचा वास याच लिंबूवर्गातला. मॉल्टच्या बाजूला भाचा ‘बिस्किट’ लिहितो. मामा खरपूस भाकरीचा पापुद्रा म्हणतात. दोघंही बरोबर आहेत, फक्त बिस्किट फॉर्मवर छापलेलं असतं.

मग घोट. वाइनचे परीक्षक चाखून थुंकतात, बीअरचे गिळतात, कारण कडवटपणा मागून येतो आणि किती वेळ रेंगाळतो हे गिळल्याशिवाय नीट कळत नाही. या नियमाचं मामांकडून मनापासून स्वागत होतं. चांगल्या पेल एलचा कडूपणा पाडव्याच्या कडुनिंबासारखा : तोंड वाकडं होतं, पण लगेच साफही होतं. जिभेवर ओरखडा ठेवून बसला, तर दोष बहुधा पाण्याचा.

पाण्याबद्दल लातूरकराला विचारावं. इंग्लंडातल्या बर्टन-अपॉन-ट्रेंट गावाची पेल एल जगभर गाजली ती तिथल्या विहिरींतल्या जिप्समवाल्या जड पाण्यामुळं. त्यातले सल्फेट हॉप्सचा कडूपणा धारदार आणि कोरडा करतात. मराठवाड्याचं बोअरचं पाणीही जडच, पण काळ्या पाषाणातून येणारं, बायकार्बोनेटवालं. त्यात तोच कडूपणा खरखरीत होतो, म्हणून ब्रुअरला आधी पाणी सुधारून घ्यावं लागतं. हे सगळं ज्ञान ठीक आहे. पण 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला आली, तेव्हा स्टेशनवर कुणी सल्फेट विचारले नव्हते. मांजरा धरण कोरडं होतं, नळ मुके होते आणि वाळूजच्या कारखान्यांत बीअर बनत होती. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य आणि बीअर कारखान्यांच्या पाण्यात साठ टक्क्यांपर्यंत कपात करायला सांगितलं. एक लिटर बीअरमागं कारखान्यात कित्येक लिटर पाणी जातं. त्या उन्हाळ्यात घागर घेऊन रांगेत उभा राहिलेला माणूस ग्लासाच्या बुडाशी बीअर सोडत नाही, आणि भाच्यानं अर्धा ग्लास ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणून कुंडीत ओतला तर त्याची जी संभावना होते ती छापण्यासारखी नाही.

शेवटी गुण. 1985 साली अमेरिकेत सुरू झालेल्या बीजेसीपी या परीक्षक-कार्यक्रमाची पन्नास गुणांची पत्रिका आहे : वासाला 12, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडात लागणाऱ्या अंगाला 5, एकूण मताला 10. तिथं 38 मिळाले तर बीअर उत्कृष्ट समजतात. लातुरात पन्नासात अडतीस म्हणजे शहात्तर टक्के. एवढ्यावर उत्कृष्ट म्हणणाऱ्या मास्तरला ट्यूशन एरियात कुणी खोली भाड्यानं देणार नाही. त्या बीअरला सरळ रिपीटर बॅचला घालतील. उलट अगदी टाकाऊ बीअरलाही सौजन्य म्हणून 13 गुण द्यायची तिथं पद्धत आहे. हे ऐकून मामा पहिल्यांदाच गंभीर झाले. फुकटचे गुण देणाऱ्यांनी दुसऱ्यांच्या जिभेची परीक्षा घेऊ नये, असं त्यांचं मत पडलं.

त्यांनी स्वतः 31 दिले, आणि शेरा लिहिला : माल साफ, भाव जास्त. शेऱ्याच्या रकान्यात याहून उपयोगी मजकूर भाच्याला अजून लिहिता आलेला नाही.

ज्यांना मामा नाहीत त्यांनी निदान कॅनच्या बुडाशी छापलेली तारीख वाचावी. हॉप्सचा वास सगळ्यात आधी उडतो. तीन महिन्यांहून जुनी पेल एल घेऊ नये, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी.