पेटीकर

क्योतोच्या जुन्या गल्ल्यांमध्ये शोधलं तर एखादा तरी पेटीकर सापडतोच. आडनाव अर्थात मी दिलेलं, त्यांना न विचारता. आमच्या शेजारचे पेटीकर पंच्याहत्तरीच्या पुढचे, शिडशिडीत, चालताना पायांचा आवाज न करणारे. वडिलांकडून, आजोबांकडून आलेले पंधरा-वीस काकेजिकू त्यांच्याकडे आहेत. काकेजिकू म्हणजे भिंतीवर टांगायचं आणि गुंडाळून ठेवायचं चित्र. रेशमावर नाहीतर कागदावर रंगवलेलं, किंवा एखाद्या झेन भिक्षूनं कुंचल्यानं लिहिलेली अक्षरं. मागे कागदाचे थर, भोवती जरीचं कापड, खाली लाकडी दांडा. जपानी बैठकीत त्यासाठी तोकोनोमा नावाचा खास कोनाडा असतो आणि ऋतू बदलला की त्यातलं चित्र बदलायचं असतं. पेटीकरांच्या तोकोनोमात मात्र बारा महिने भिंत असते. भिंत चांगली आहे. मी पुष्कळदा निरखली आहे.

पेटीकर कंजूष नाहीत आणि माणूसघाणेही नाहीत. उलट अगत्याने बोलावतात. "आज मासा दाखवतो, या," असा निरोप येतो. गेलं की चहा मिळतो, पण पलीकडच्या खोलीत; चहा आणि चित्र एका छपराखाली असणंच त्यांना फारसं पसंत नाही. मग हात धुऊन, अगदी कोरडे करून, घड्याळ आणि अंगठी काढून आत जायचं. तोंडावर रुमाल. चित्रावर बोलायचं नाही, कारण बोलताना थुंकी उडते. चित्राचं कौतुक बाहेर येऊन करायचं, असा रिवाज आहे.

आधी येते बाहेरची पेटी, काळ्या लाखेची. तिच्यात कापडात बांधलेली आतली पेटी, किरीच्या लाकडाची. किरी हे हलकं, फिकट, दिसायला अगदी साधं लाकूड. हवा दमट झाली की ते फुगतं आणि झाकण घट्ट बसतं, हवा कोरडी झाली की सैलावतं. पेटीकर झाकण पेटीवर नुसतं टेकवतात आणि हात काढून घेतात. आतली हवा हळूहळू बाहेर पडते आणि झाकण आपलं आपण, सावकाश, खाली उतरतं. ते माझ्याकडे बघतात. मी मान डोलावतो. ते झाकण काढून पुन्हा टेकवतात. दोन-चार वेळा झाकण उतरल्यावर त्यांचा चेहरा असा खुलतो की आपण मासा बघायला आलोय, हे सांगायचा धीर होत नाही.

मग झाकणावरचं लिखाण. चित्रकारानं स्वतः पेटीवर चित्राचं नाव लिहून आत सही-शिक्का केला असेल तर चित्राचा मान आणि भाव दोन्ही वाढतात. पेटी हरवली तर चित्र पोरकं. पेटीकर ती सही बोट न लावता, हवेतल्या हवेत गिरवून दाखवतात. पेटीच्या आत दांड्याची टोकं टेकवायला दोन लाकडी उशा बसवलेल्या असतात. पेटीकरांच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं, म्हणणं, या घरात मानेखाली नीट उशी फक्त चित्रांना मिळते.

एवढं झालं की चित्र बाहेर येतं आणि वरच्या टोकाकडून उलगडू लागतं. इथे काकेजिकूची रचना पेटीकरांच्या बाजूची आहे. वरचा कापडी भाग खालच्यापेक्षा बराच लांब असतो. तो संपला की चित्र सुरू होतं, आणि जपानी चित्रात वरची बाजू बहुधा मोकळीच सोडलेली असते. म्हणजे वीतभर कापड, आणखी वीतभर कापड, मग वीतभर धुकं. इतक्यात पेटीकरांची नजर आर्द्रतामापकाकडे जाते. "आज एवढंच," म्हणत ते गुंडाळायला घेतात. त्यांच्या संग्रहातलं बरंचसं आकाश मी पाहिलेलं आहे. एका चित्रात देवदाराचा शेंडाही पाहिला. मासा आहे असं ऐकून आहे.

घरात आर्द्रतामापक तीन. तिघांचं एकमेकांशी पटत नाही. पन्नास ते साठ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असली म्हणजे कागद-रेशमाला बरं. पेटीकर तिघांपैकी सर्वांत निराशावादी मापकावर विश्वास ठेवतात. जूनच्या सुरुवातीच्या सुमाराला त्सुयू, म्हणजे तिकडचा पावसाळा, लागतो. तीन बाजूंनी डोंगर असलेल्या क्योतोत हवा जी कोंडते ती जुलै उलटेपर्यंत हलत नाही. त्या दिवसांत पेटीकर घरात सुतक असल्यासारखे वावरतात. बुरशीचं, कसरीचं नाव काढायचं नाही. रात्री कपाटापाशी जाऊन, दार न उघडता, ते फटीला नाक लावून उभे राहतात.

कसर लागू नये म्हणून पेटीत चंदन, लवंग, कापूर यांची पुडी ठेवतात. एका वर्षी वहिनींनी मदत म्हणून त्याच कपाटात डांबराच्या गोळ्या टाकल्या. पैठणीच्या ट्रंकेत आपल्याकडची आजी टाकायची तशा, सढळ हातानं. आता कापूर आणि डांबराची गोळी एकत्र आले की दोन्ही पाझरतात आणि ओघळ कापडावर डाग पाडतो. पेटीकरांना वास लागला म्हणून वेळेत निभावलं. त्यानंतर महिनाभर त्यांचं वहिनींशी बोलणं शुद्ध व्याकरणात, पूर्ण आदरार्थी क्रियापदांसह चालू होतं. जपानीत यापेक्षा मोठं भांडण करता येत नाही.

शरद ऋतू आला की मात्र गडी पालटतो. हे ऊन-वारा देण्याचे दिवस. नारामधल्या शोसोइनचा आठव्या शतकापासूनचा ठेवा ज्या भांडारात आहे, त्यावर सम्राटाच्या नावाची मोहोर असते. ती शरदातच उघडतात आणि आतल्या निवडक वस्तू 1946 पासून तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात लोकांना दाखवतात. क्योतोतलं दाइतोकुजी मंदिर ऑक्टोबरात एक दिवस आपली जुनी चित्रं वारा द्यायला टांगतं आणि लोकांना आत सोडतं. पेटीकरही टांगतात. पण आधीचे दोन दिवस कोरडे गेलेले हवेत, वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन, ऊन थेट नको, वारा जोराचा नको. वारा सुटला तर खालच्या दांड्याला अडकवायची गोंडेदार वजनं आहेत, पण तीही त्यांच्या पेटीत असतात आणि ती पेटी काढायची म्हणजे वेगळा दिवस लागतो. एका ऑक्टोबरात मला अखेर बोलावणं आलं. दुभंगलेल्या टोकाच्या बांबूच्या काठीनं दोरी उचलून ती खिळ्यात अडकवली गेली, गुंडाळी माशाच्या दिशेनं खाली येऊ लागली, आणि हिएइ डोंगरावर एक ढग दिसला.

आवरून ठेवण्यात पेटीकरांचा हात धरणारा माणूस मी पाहिलेला नाही. वरून लोंबणाऱ्या दोन पट्ट्या आधी घडीवर बसवतात. मग खालून गुंडाळत जातात. आवळून नाही, कारण आवळलं की सुरकुती पडते आणि रंग सोलतो. सैलही नाही, कारण सैल राहिलं की पदर पदरावर घासतो. कडा सरळ येतात का हे बघायला ते दांडा उभा धरत नाहीत, कारण मग एक बाजू घसरते; ते स्वतः आडवे होतात. चटईवर गाल टेकवून, एक डोळा मिटून. दोरीखाली कागदाची घडी, म्हणजे दोरीचा वळ उठू नये. दोरीचे तीन वेढे, टोकाचा फास आडव्या दोरीखालून सरकवलेला. फास बसला की पेटीकर श्वास सोडतात. चित्र टांगलेलं असताना हा माणूस कधी इतका सुखी दिसत नाही.

त्यांना दटावणारा जगात एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे चित्रांना पाठ आणि चौकट चढवणारा कारागीर, ह्योगुशी. त्याच्याकडे कडाक्याच्या थंडीत शिजवून दहा-दहा वर्षं मडक्यात मुरवलेली गव्हाच्या सत्त्वाची खळ असते. ही खळ मुद्दाम अशक्त करतात. शंभरेक वर्षांनी कुणाला पाठीचे कागद बदलायचे झाले तर ते विनातक्रार सुटले पाहिजेत, आणि तोवर गुंडाळी मऊ राहिली पाहिजे. पेटीकरांनी एकदा सुरकुत्या पडलेलं एक चित्र त्याच्याकडे नेलं. त्यानं ते उलगडलं आणि विचारलं, "हे टांगलं कधी होतं?"

"वडील होते तेव्हा," पेटीकर म्हणाले.

"म्हणून असं आखडलंय. चित्राला वर्षातून थोडे दिवस मोकळं लटकू द्यावं. सरकारी नियमसुद्धा राष्ट्रीय ठेव्यातल्या चित्रांना वर्षाला साठ दिवसांची मुभा देतो."

पेटीकरांनी मान खाली घातली. सरकार एकंदरीत ढिलंच, असं ते मला वाटेत म्हणाले.

कारागिरानं सुरकुत्यांमागे कागदाच्या बारीक पट्ट्या लावल्या आणि सल्ला दिला की चित्र आता जाड लाकडी नळीवर गुंडाळा, म्हणजे वळण मोठं येईल आणि पुन्हा मोडणार नाही. नळी आली, गुंडाळी जाड झाली, जुन्या पेटीत मावेना. नवी पेटी आली. पण जुन्या पेटीवर चित्रकाराची सही, ती टाकून कशी द्यायची? सबब जुनी, रिकामी पेटी ठेवायला आणखी एक पेटी आली. पेटीकरांच्या कपाटात ती अजून आहे. एका पेटीत दुसरी पेटी, तिच्यात उशा, आणि उशांवर कुणी नाही.

एका ऑगस्टात तोक्योला कामानिमित्त मी पेटीकरांसोबत होतो. यानाका भागातल्या झेनशोआन मंदिरात त्या महिन्यात सान्यूतेइ एन्चो या एकोणिसाव्या शतकातल्या कथेकऱ्याच्या संग्रहातली भुतांची चित्रं टांगतात. उकाड्यात अंगावर काटा यावा म्हणून ऐन उन्हाळ्यात भुतं बघायची, ही तिकडची जुनी रीत. केस मोकळे सोडलेल्या, पाय नसलेल्या बाया भिंतीवरून बघत होत्या. लोक दबकत पुढे सरकत होते. पेटीकर पहिल्याच चित्रापुढे थांबले आणि खरोखर पांढरेफटक पडले.

"ऑगस्टात?" ते पुटपुटले. "ऑगस्टात टांगली?"

पुढच्या भुतांकडे त्यांना बघवेना. बाहेर येऊन पायरीवर बसले, पाणी प्यायले.

तोकोनोमात काहीतरी टांगायचंच, असं वहिनींनी मग मनावर घेतलं. क्योतोत दर महिन्याच्या 21 तारखेला तोजी मंदिराच्या आवारात जुन्या-पान्याचा बाजार भरतो. तिथून त्यांनी छापील काकेजिकू आणलं. फांदीवर दोन काकीची, म्हणजे पर्सिमनची, फळं. यंत्रावर छापलेलं, पेटी नाही, दांड्याच्या टोकाला प्लास्टिक. तोकोनोमात दणदणीत खिळा होताच. त्यावर टांगून त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

पेटीकरांनी पहिले काही दिवस तिकडे पाठ करून पेपर वाचला. मग मला दिसलं की एक आर्द्रतामापक कपाटातून तोकोनोमात आलाय. पुढे दुपारी शोजीचं, म्हणजे कागदी, दार ओढलेलं दिसू लागलं, कारण उन्हाची तिरीप डावीकडच्या फळावर पडत होती. मेअखेरीला एक पोऱ्या दाराशी पार्सल ठेवून गेला. किरीची पेटी, मापानं बनवून घेतलेली, चित्राच्या किमतीच्या चौपट.

"अहो, हे टांगायला आणलं होतं," वहिनी म्हणाल्या.

"त्सुयू येतोय," पेटीकर म्हणाले.

वहिनींनी काही न बोलता शाई घोटली, कुंचला घेतला आणि नव्या कोऱ्या झाकणावर झोकात लिहिलं : 'तोकोनोमात टांगण्यासाठी'. आतल्या बाजूला स्वतःचं नाव घातलं आणि शिक्काही मारला. अक्षर सुरेख, तरुणपणी शिकलेलं.

पेटीकरांनी झाकण उजेडाला धरलं. तोंडावर रुमाल धरला. सही बोट न लावता, हवेतल्या हवेत, दोनदा गिरवली.

"सही झाली म्हणजे," ते माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "हिला आता बाहेरची पेटी लागणार."