दिव्याखाली पंखा

रेडिएटरचा पंखा फिरतोय हे सांगणारा दिवा डॅशबोर्डवर कसा बसवावा, हे मला कुणी शिकवलं नाही. मी ते चार वेळा चुकत शिकलो. त्यामुळे या विषयावर अधिकारवाणीने बोलायचा हक्क मला आहे.

सर्वप्रथम गाडी हवी. ही गाडी शोरूममध्ये मिळत नाही. ती केळीच्या वाडीलगत, पत्र्याच्या शेडमध्ये, चार-पाच वर्षांत थोडी थोडी उगवते. आमच्या निर्मळ गावात अशीच उगवली. इंजिन भंगारातून आणलेल्या मारुती 800 चं, म्हणजे 796 सीसी, तीन सिलिंडर. चौकोनी पाइपांची चॅसी, दोन खुर्च्या, छत नाही. बॉनेट बसवायचं दर कार्तिकात, यात्रेच्या आधी ठरतं. मग यात्रा येते, सुकेळी घरात येतात, आणि बॉनेट पुढच्या कार्तिकावर जातं.

घरी गाडी जोडणाऱ्याशी गावात थोडं जपून बोलतात. वास्तविक सुटे भाग आणून गाडी जोडणं हा आपला जुना धंदा आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी विलिस जीप अशाच सुट्या भागांतून मुंबईत जोडल्या, कुर्ल्याला प्रीमियरने परदेशी मोटारी जोडल्या. त्यांना उद्योगपती म्हणतात. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून केलेली, किक मारून सुरू होणारी छोटी जीप 2021 च्या अखेरीस देशभर गाजली आणि आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. माझ्या गाडीला आजवर एकच मागणी आली आहे. भंगारवाल्याची, आणि तीही वजनावर.

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 एकदा वाचून घ्यावं. नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे फेरफार त्याला चालत नाहीत. सबब एमएच 48 ची पाटी लावून सोपाऱ्याच्या रस्त्याने मिरवायची हौस मनातच ठेवावी. आमची गाडी शेडमधून विहिरीपर्यंत जाते आणि विहिरीवरून शेडमध्ये येते. पंख्याचं खरं महत्त्व याच प्रवासात कळतं. हायवेवर साठच्या वेगाने पळणाऱ्या गाडीच्या रेडिएटरमधून वारा आपोआप जातो, पंख्याला फारसं काम नसतं. बांधावरून माणसाच्या चालीने जाणाऱ्या गाडीला वारा कोण घालणार? आणि सायलेन्सर अजून नावापुरताच असल्यामुळे पंखा चालू झाला तरी ऐकू येत नाही. म्हणून दिवा.

आता दिव्याचा रंग. यात घाई करू नये. लाल ऑइलसाठी राखलेला असतो. भगवा, हिरवा आणि निळा यांतला कुठलाही लावला तरी संध्याकाळपर्यंत गावात त्याचा अर्थ निघतो. पांढरा रात्री डोळ्यांत घुसतो. पिवळा घ्यावा. एलईडी असेल तर तिच्याबरोबर एक किलोओहमचा रेझिस्टर लावावा. चालू गाडीत बॅटरीवर चौदाच्या आसपास व्होल्ट असतात, त्यातले दोनेक एलईडी खाते, उरलेल्यांचा भार रेझिस्टर उचलतो आणि दिव्यातून जेमतेम बारा मिलिअँपिअर जातात. पंखा आठ-दहा अँपिअर ओढतो. म्हणजे दिवा पंख्याच्या जवळपास हजाराव्या हिश्शाचं काम करतो आणि समोर डॅशबोर्डवर बसतो.

माझी पहिली जोडणी अशी होती. बॅटरीतून वायर पंख्याला, पंख्यातून थर्मो स्विचला, स्विचमधून बॉडीला. पाणी नव्वदच्या पुढे तापलं की स्विच मिटतो आणि पंखा फिरतो. मी दिव्याचं एक टोक पंखा आणि स्विच यांच्या मधल्या जोडाला लावलं, दुसरं अर्थला. गाडी सुरू केली. इंजिन गार असतानाच दिवा लखलखीत लागला. शेजारचे मामा विहिरींच्या मोटरी दुरुस्त करतात, ते स्टुलावर बसून बघत होते.

"पंखा फिरतोय?" मामांनी विचारलं.

"नाही."

"मग दिवा कशाचा?"

दहा मिनिटांनी पाणी तापलं, पंखा फिरू लागला आणि त्याच क्षणी दिवा विझला.

कारण साधं आहे. स्विच उघडा असताना पंख्याच्या गुंडाळीतून बारा व्होल्ट त्या जोडापर्यंत आलेले असतात. मोटर फिरवण्याइतका करंट वाहत नाही, पण एलईडीला पुरतो. स्विच मिटला की तोच जोड अर्थ होतो आणि दिव्याकडे काही उरत नाही. मामा म्हणाले, "राहू दे की. पंखा झोपला की दिवा जागा, एवढं लक्षात ठेवायचं." हा सल्ला मी आठवडाभर पाळला. दिव्याचं अर्थचं टोक काढून चावीच्या पॉझिटिव्हला लावलं आणि एलईडीचे पाय उलटवले तरी काम झालं असतं, पण ते पुढे सुचलं.

तोवर मी रिले आणला होता. त्याच्या पायांना 30, 85, 86 आणि 87 असे आकडे असतात. बॅटरीची वायर पंधरा अँपिअरच्या फ्यूजमधून 30 ला, चावीची 86 ला, थर्मो स्विच 85 ला आणि पंखा 87 ला. दिवा कुठे जोडायचा, यात सगळी गोम आहे. 85-86 वर, म्हणजे रिलेच्या गुंडाळीवर, जोडला तर पंखा लावायचा हुकूम सुटला एवढंच कळतं. 87 वर जोडला तर माल पंख्याच्या दिशेने निघाला, हे कळतं. पोचला का, हे नाही. गावातल्या नळयोजनेचा फलक पाहिलेल्या माणसाला हा फरक वेगळा समजावायला नको.

मी 87 ला जोडला. खूप छान दिसत होतं. विशेष म्हणजे पंखा बंद होताना दिवा पटकन विझत नाही. वीज तुटल्यावरही पाती थोडा वेळ फिरत राहतात, तेवढ्यात मोटरचाच डायनॅमो होतो आणि पिवळा प्रकाश हळूहळू, झोपेला आलेल्या माणसाच्या डोळ्यांसारखा मिटतो. हे बघायला मी तीन दिवस घरच्यांना शेडमध्ये बोलावत होतो.

चौथ्या दिवशी विहिरीजवळ रेडिएटरच्या झाकणातून वाफ निघाली. दिवा चालू होता. पंखा थंड, गप्प. आमच्याकडे कळंबच्या समुद्राकडून येणारा खारा वारा आधी अर्थिंगचा घास घेतो. पंख्याची अर्थ वायर जिथे चॅसीला लगने आवळली होती तिथे हिरवट बुरशीसारखा थर धरला होता आणि बोट लावताच लग हातात आला. तेव्हा लक्षात ठेवावं: आधी रंग खरवडून लोखंड उघडं करावं, लग आवळावा आणि वरून ग्रीस थापावं. टेप गुंडाळून भागवू नये, पावसाळ्यात टेपच्या आत पाणी साचून बावखल, म्हणजे तळं होतं. झाकण गरम असताना उघडू नये, दाबाखालचं पाणी शंभरच्या पुढे जाऊनही उकळलेलं नसतं आणि झाकण सुटताच एकदम उकळतं.

मग शास्त्रशुद्ध मार्ग. पंख्याच्या जाड वायरचे चार-पाच वेढे एका रीड स्विचवर घ्यावेत. करंट वाहिला तरच चुंबकत्व येतं, स्विच मिटतो, दिवा लागतो. अर्थ तुटली तर दिवा लागत नाही. मी विजयी मुद्रेने मामांना दाखवलं. मामांनी खिशातला पेन्सिलचा तुकडा पात्यात अडकवला. पंखा थांबला, दिवा तसाच. अडकलेली मोटर उलट जास्तच करंट ओढते.

"हा तर न फिरताही हजेरी लावतो," मामा म्हणाले आणि फ्यूज उडायच्या आत पेन्सिल काढून घेतली.

शेवटी त्यांनी जुन्या छत्रीच्या कापडाची बोटभर चिंधी फाडून पंख्याच्या मागे, इंजिनाच्या बाजूला, पात्यांपर्यंत पोचणार नाही अशा बेताने तारेला बांधली. पंखा वारा आत ओढतो, चिंधी माझ्याकडे तोंड करून फडफडते. बॉनेट नसल्यामुळे सीटवरून स्वच्छ दिसते. रात्री दिसत नाही, म्हणून तिच्यावर आता एक छोटा दिवा बसवला आहे. तो सरळ बॅटरीवर, स्वतःच्या फ्यूजमधून. रिलेजवळ नेऊ नये.