विनापरवाना

इटलीला जाऊन आलेली बहुतेक माणसं पिसाचा कलता मनोरा हातानं सावरल्याचा फोटो दाखवतात आणि महिनाभरात ताळ्यावर येतात. आमच्या कॉलनीतले कप्तान अजून आलेले नाहीत. मुलानं त्यांना आणि काकूंना पोझितानोला एका दिवसासाठी मोटरबोट भाड्यानं घेऊन दिली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बोट अजून किनाऱ्याला लागायची आहे.

गोष्ट तुम्ही ऐकलेलीच असणार. कुणाच्या तोंडी स्वित्झर्लंड असेल, कुणाच्या दुबई, एवढाच फरक. इटलीत ४० हॉर्सपॉवरपर्यंतची बोट चालवायला परवाना लागत नाही. थोडंसं शिकवतात आणि किल्ली हातात देतात. "स्वतः चालवली. चाळीस हॉर्सपॉवर. विनापरवाना!" या शेवटच्या शब्दाला कप्तानांची तर्जनी वर जाते आणि ऐकणाऱ्यानं "अरे बाप्पा!" म्हणेपर्यंत खाली येत नाही. मी एकदा मुद्दाम म्हटलं नाही. तर्जनी तशीच राहिली, चहा निवला.

काकू या पोथीच्या टीकाकार आहेत. कप्तान म्हणणार, "फाराल्योनीच्या कमानीखालून बोट काढली!" फाराल्योनी म्हणजे काप्री बेटापाशी समुद्रात उभे असलेले सुळके. त्यांतल्या एकाला आरपार कमान आहे आणि तिच्याखालून जाताना जोडप्यानं मुका घ्यायचा, अशी तिकडची रीत. काकू खाली मान घालून शेंगा सोलत म्हणणार, "गालाचा. तेवढ्यात मागच्या बोटीनं भोंगा वाजवला." कप्तान म्हणणार, "निळ्या गुहेत गेलो!" काकू म्हणणार, "आपली बोट बाहेरच ठेवावी लागते. वल्ह्याच्या छोट्या होडीत आडवं झोपवून नेतात. गुहेचं तोंड मीटरभर. यांचं पोट अडेल म्हणून नावाडी दोनदा वाकून बघून गेला."

अशा जोडप्याला मी जानेवारीत गाडीत घालून हेमलकशाला नेलं. आष्टीला वैनगंगेचा पूल आला तेव्हा गोष्टीतली बोट लि गाल्ली बेटांपाशी होती. आलापल्लीच्या सागवानात शिरलो तेव्हा काप्री दिसू लागलं. पुढे भामरागडच्या रस्त्यावर खड्डे लागले. आता तरी थांबतील, असं वाटलं. "अगदी अशाच लाटा होत्या!" कप्तान खूश होऊन म्हणाले.

हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पावर बिबट्या समोर होता. पिंजऱ्यापलीकडे आळस देत होता. सगळे श्वास रोखून बघत होते. कप्तान माझ्या कानाशी आले, "फाराल्योनीच्या एका सुळक्यावर निळा सरडा असतो. जगात दुसरीकडे नाही." खोटं नाही, असतो. पण बिबट्याचा एवढा अपमान त्याच्या तोंडावर कुणी केला नसेल.

तिथला कार्यकर्ता समजावून सांगत होता. बाबा आमट्यांनी १९७३च्या डिसेंबरात इथे काम उभं केलं. डॉक्टर प्रकाश आणि मंदाकिनी आमटे येऊन राहिले तेव्हा वीज नव्हती, धड रस्ता नव्हता. इथली माडिया आदिवासी माणसं डॉक्टरांना बुजत. दवाखान्यामागोमाग १९७६ला शाळा आली. दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो २००८ साली, म्हणजे निम्मं आयुष्य इथे गेल्यावर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जायचा आणि भामरागड पलीकडे अडकायचं. "मग पेशंट कसे यायचे?" काकूंनी विचारलं. "डोंग्यानं."

"किती हॉर्सपॉवर?" कप्तानांनी विचारलं.

कार्यकर्ता भला माणूस. "एका माणसाची," म्हणाला.

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती एकत्र येतात. पलीकडे छत्तीसगड. काठावर एकच खोड कोरून केलेला एक डोंगा होता आणि विशीतला एक पोरगा तांदळाचं पोतं नि एक सायकल उतरवत होता. कप्तानांनी हट्ट धरला. मग आम्ही तिघं डोंग्याच्या तळाशी उकिडवे बसलो, कडा हातभरही वर नाही, आणि पोरगा म्हणाला, "हलू नका." आयुष्यात प्रथमच कप्तान हलले नाहीत. बोललेही नाहीत. संगमावर पाणी इतकं संथ होतं की काकूंना राहवलं नाही. "अहो, पोझितानो सांगा ना," म्हणाल्या. या बाईला ती गोष्ट आवडते, हे मला तेव्हा कळलं.

आता एक सांगायचं राहिलं. कप्तान आरटीओत हेडक्लार्क होते. जन्मभर दुसऱ्यांचे परवाने तपासले, शिक्के मारले, आणि स्वतः सायकलवर कचेरीत गेले. सवय जात नाही. मध्यधारेत त्यांनी पोराला विचारलं, "काय रे, परवाना आहे का तुझ्याकडे?"

पोराचं वल्हं थांबलं. चेहरा उतरला. या भागात पँट-शर्टातला माणूस कागद मागतो तेव्हा पुढे काय काय होऊ शकतं, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. "साहेब, गावचीच माणसं नेतो," तो हळूच म्हणाला. "पैसे बी नाही घेत कोणाचे."

कप्तानांना काय झालं ते उमगायला एक क्षण लागला. मग ते एवढ्या घाईनं पुढे झुकले की डोंगा कलला. "अरे नाही, नाही! माझ्याकडे पण नव्हता! तिकडे, इटलीत. चाळीस हॉर्सपॉवर..." आणि तर्जनी वर गेली. पोराला इटली कळली नसावी, पण साहेबाकडेही कागद नव्हता एवढं नक्की कळलं. तो मोठ्यानं हसला आणि वल्हं कप्तानांच्या हाती दिलं. डोंगा जागच्या जागी गोल फिरला, तीनही नद्या आम्हाला आळीपाळीनं दिसल्या, आणि काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. उतरल्यावर कप्तान पैसे देऊ लागले, पोरगा घेईना. शेवटी त्यांनी गळ्यातला मफलर काढून त्याला दिला. त्या मफलरावर काप्रीचं नाव होतं आणि गेली कित्येक वर्षं ते तो उन्हाळ्यातसुद्धा घालत आले होते. मला हा माणूस आवडत नाही, हे मी त्या दिवसापासून जरा कमी ठामपणे म्हणतो.

याचा फायदा आमच्या कॉलनीला काही झालेला नाही. आता गोष्टी दोन झाल्या आहेत. पहिली संपली की, "आणि भामरागडला शून्य हॉर्सपॉवर!" अशी दुसरी सुरू होते, आणि काकूंच्या तळटिपाही दुप्पट झाल्या आहेत. दिवाळीनंतर दोघं अंदमानला निघालेत. विमानात त्यांच्या शेजारची तिसरी सीट अजून रिकामी आहे. कुणाला हवी असल्यास लवकर कळवा, नाहीतर ते मलाच विचारतील आणि मी हो म्हणून बसेन.