दोन पेरं

तुमच्याही सोसायटीत ते असणारच. लिफ्ट अडकली की वॉचमनच्या आधी पोहोचतात, कुणाच्या कुंडीत पान पिवळं पडलं की माळ्याच्या आधी. आमच्या बदलापूरच्या बिल्डिंगमध्ये पोरांनी त्यांना पेरेकाका हे नाव पाडलंय. कुठलीही कुंडी दिसली की काका आधी तर्जनी मातीत खुपसतात, डोळे मिटतात आणि नाडी लागल्यासारखे म्हणतात, "दोन पेरं ओल आहे." नाहीतर, "दोन पेरं कोरडं." दीड नाही, अडीच नाही. दोन.

कुंडीपुरतं असतं तर कोण बोललं असतं? गच्चीच्या ओल्या सिमेंटमध्ये त्यांनी बोट घातलं. ते भोक अजून आहे, पावसाळ्यात त्यात डास होतात. गणपतीत मोदकांच्या उकडीत बोट घालून "दोन पेरं कच्ची" असा निकाल दिला, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी लाटणं उचललं होतं. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली, त्या दिवशी आमच्या पार्किंगमध्येही पाणी शिरलं. माझी स्कूटर दिसेनाशी झाली होती. काका जिन्यात उकिडवे बसले, पायरीवरच्या पाण्यात बोट बुडवलं आणि वर ओरडले, "दोन पेरं चढलंय, घाबरू नका!"

तर बुरांश. आमच्या हिने नैनितालच्या सहलीत एका रोपवाटिकेतून तो उचलला. बुरांश म्हणजे ऱ्होडोडेन्ड्रॉन. हे म्हणताना जीभच दोन पेरं वळते. उत्तराखंडचा राज्यवृक्ष, नेपाळचं राष्ट्रीय फूल. डोंगरात, थंड धुक्यात वाढणारं हे झाड आम्ही आणून ठेवलं कुठे, तर एप्रिलात चाळिशी ओलांडणाऱ्या बदलापुरात, पश्चिमेच्या बाल्कनीत.

मे उजाडला आणि पानं पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या, मधला भाग पिवळा. मग सगळे धावले. कुणी अंड्याची टरफलं कुटून घातली, कुणी चुलीची राख. "तहान लागली असेल" म्हणून मी सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी. पानं पिवळ्याची तपकिरी झाली.

शेवटी काका आले. बोट आत. डोळे मिटले.

"दोन पेरं चिखल." मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "अहो, याची मुळं केसासारखी बारीक, वरच्या वर पसरणारी. बुडवून मारताय त्याला. आणि टरफलं? टरफलं म्हणजे चुना! राखही त्याच जातीची. याला आंबट माती लागते, पीएच साडेचार ते सहा. चिंचा खाणाऱ्या बाईला तुम्ही चुना चाटवलात." शिरा हिरव्या आणि पान पिवळं म्हणजे झाडाला लोह मिळत नाही, लोह मातीत असतं, पण चुन्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही. एवढं सांगून ते उल्हासनगरला गेले आणि पीएच मीटर घेऊन आले. मीटरने मातीत ७ दाखवलं. चहात ७. ताकातही ७. काकांनी मीटर खिशात टाकलं आणि ताकात बोट घातलं.

मग आमच्या हॉलमध्ये पेपर पसरून शस्त्रक्रिया. कुंडी उलटी केली, मुळं बादलीत हलक्या हाताने धुतली, काळी पडून बुळबुळीत झालेली कात्रीने छाटली, पांढरी ठेवली. नवी कुंडी उथळ आणि पसरट. त्यात कोकोपीट आणि जांभळाखालचा कुजलेला पाचोळा. जागा उत्तरेची, वर हिरवी जाळी. बोअरचं पाणी बंद, कारण त्यात क्षार. त्याऐवजी एसीचं. एसीतून ठिबकतं ते हवेतलंच पाणी, त्यात चुना कुठून येणार? दुसऱ्या दिवसापासून काका प्रत्येक फ्लॅटच्या एसीच्या नळीखाली बाटली लावून फिरू लागले. बाटल्यांवर फ्लॅटचे नंबर. मला तर वीट आला होता.

"पण झाड जिवंत आहे का?" मी एकदा वैतागून विचारलं. त्यांनी अंगठ्याच्या नखाने खोडाची साल जराशी खरवडली आणि तर्जनीने मला जागा दाखवली. आत हिरवं होतं. पण माझं लक्ष बोटाकडे गेलं. इतकी वर्षं ते मी कायम कशात तरी बुडालेलंच पाहिलं होतं. त्याला दोनच पेरं होती.

"अंबरनाथला," ते म्हणाले. "प्रेसखाली. १९८७ सालची गोष्ट. बोटाचं सोडा हो, हिरवं दिसतंय का बघा."

दिसत होतं. सप्टेंबरात दोन नवी पानं आली, मागून तांबूस लव असलेली. फूल कधी येईल, असं विचारलं तर म्हणाले, "इथे? नाही यायचं. फुलायला खरा हिवाळा लागतो."

"मग एवढा खटाटोप?"

"हिवाळ्यात तुम्ही एसी बंद करणार," ते म्हणाले, "म्हणून पावसाचा एक ड्रम भरून ठेवलाय गच्चीवर. झाकण लावत जा."

परवा ते पंधरा दिवसांसाठी लेकीकडे नाशिकला गेले. जाताना सूचना काही दिल्या नाहीत, याचंच मला जरा वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी पहाटे बाल्कनीत गेलो, आजूबाजूला कुणी बघत नाही याची खात्री केली आणि तर्जनी मातीत घातली. सहज पूर्ण आत गेली असती. तिसरं पेर मी बाहेरच ठेवलं.