राजा वाईट, गादी चांगली

साम्राज्याविरुद्ध बंड करायचं असेल तर पहिली अट अशी की तुम्ही पोरके हवेत. नातेवाइकांकडे वाढलेले चालतील, पण तो नातेवाईक शेतकरी असावा आणि त्याचं घर जळण्याजोगं असावं. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये ल्यूकच्या काका-काकूंचं घर जळतं. २००३च्या ‘एरागॉन’ कादंबरीत नायकाच्या मामाचं घर उद्ध्वस्त होतं आणि मामा जातो. भाच्यांना-पुतण्यांना रडायला फार वेळ मिळत नाही, कारण दारात म्हातारा उभा असतो.

या म्हाताऱ्याला सगळं ठाऊक असतं आणि तो काही म्हणजे काही सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या खंडात काय छापायचं? तलवार धरायला शिकवून होते न होते तोच तो मरतो. ल्यूकचा ओबी-वान मेला, एरागॉनचा ब्रॉम मेला. या पेशातल्या गुरूंना आयुर्विमा कोण देत असेल, देव जाणे.

या साच्यांची टिंगल डायना विन जोन्स या ब्रिटिश लेखिकेने १९९६मध्येच करून ठेवली आहे. ‘द टफ गाइड टू फँटसीलँड’ हे तिचं पुस्तक म्हणजे जादूनगरीच्या पर्यटकांसाठी लिहिलेली मार्गदर्शिका. कुठल्याही खाणावळीत जा, जेवायला स्टू. दुष्ट सम्राट कुठे भेटेल, भविष्यवाणी कधी ऐकू येईल, सगळं अकारविल्हे. त्यानंतरही लेखक थांबले नाहीत. थांबावंच असंही नाही. तमाशात मावशी येणारच, तशी इथे भविष्यवाणी येणार. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार रक्ताबद्दल आहे.

‘स्टार वॉर्स’मधली ‘फोर्स’ ही शक्ती आधी चराचरात भरलेली होती. १९९९च्या चित्रपटात तिची रक्ततपासणी निघाली. छोट्या अ‍ॅनाकिनच्या रक्ताचा नमुना घेतला, मिडिक्लोरियन नावाचे सूक्ष्म जीव मोजले, आकडा वीस हजारांच्या वर आला आणि मुलगा थोर ठरला. (उपाशीपोटी तपासलं होतं का, ते कुणी विचारलं नाही.) २०१७च्या ‘द लास्ट जेडाय’मध्ये कुणाला तरी लाज वाटली असावी. नायिका रे हिला तिथे सांगितलं जातं की तुझे आईबाप कुणीच नव्हते, भंगारवाले होते. प्रेक्षकांतले भंगारवाले जरा कुठे सावरून बसले, तोवर २०१९ उजाडलं आणि पुढच्या भागात रे सम्राट पाल्पाटीनची नात निघाली.

एरागॉनचं तेच. शेतावर वाढलेल्या या पोराला दुसऱ्या खंडात कळतं की आपला बाप सम्राटाचा उजवा हात होता. तिसऱ्यात कळतं की छे, बाप म्हणजे तो मेलेला म्हाताराच. दोन्ही बाप ड्रॅगनस्वार. नुसत्या शेतकऱ्याच्या पोटचा राहू द्यायला लेखकाचा जीव होत नाही. ब्रँडन सँडर्सनच्या ‘मिस्टबॉर्न’मध्ये (२००६) धातू गिळून जादू करता येते, पण ती उमरावांच्या वंशात. पिढ्यान्‌पिढ्या राबणारे ‘स्का’ नुसतेच राबतात. मग त्यांच्यातली, रस्त्यावर चोऱ्या करून जगणारी विन सम्राटाला कशी भिडते? तिचा बाप साम्राज्याच्या धर्मखात्याचा मुख्य अधिकारी असतो, म्हणून.

आता साम्राज्य हजार वर्षं काय सांगत होतं ते आठवा. काही माणसं जन्मानेच वरची. आणि बंडखोर इतकं रक्त सांडून काय सिद्ध करतात? अगदी बरोबर, फक्त तो वरचा माणूस आमच्याकडे आहे.

म्हणून शेवटी गादी रिकामी राहत नाही. एरागॉनच्या चौथ्या खंडात साम्राज्य कोसळतं आणि बंडखोरांची पुढारी नासुआदा राणी होते. ‘स्टार वॉर्स’मधली पद्मे तर चौदाव्या वर्षी मतदानाने निवडून आलेली राणी आहे, लोकशाहीसुद्धा इथे मुकुट घातल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. सँडर्सनने निदान प्रयत्न केला. त्याचा पुस्तकवेडा उमराव एलेंड राजा होतो, कायदा लिहितो, सभा नेमतो आणि दुसऱ्या खंडात ती सभा त्याच्याच कायद्याचं कलम काढून त्याला मतदानाने घरी बसवते. वा! इथे टाळी वाजवायला हात उचलावा, तर खंड संपता संपता विन बाकीच्या राजांना त्याच्यापुढे गुडघे टेकायला लावते. एलेंड सम्राट. शिवाय वाटेत एक मणी गिळून त्यालाही जादू चिकटते, कारण बिनजादूचा सम्राट शोभत नाही.

कादंबरीकार जॉर्ज मार्टिनने २०१४च्या एका मुलाखतीत टॉल्किनवर बोट ठेवलं होतं: त्याचा अरागॉर्न राजा झाला, फार छान, पण त्याचं करधोरण काय होतं? मार्टिनची स्वतःची मालिका अजून अपुरी आहे, तेव्हा उत्तर त्याच्याकडूनही यायचंच आहे. प्रश्न मात्र लाखमोलाचा. या बंडखोरांना खायला कोण घालतं? घोड्यांचा चारा कुणाच्या खात्यावर?

उत्तर आलं ते अनपेक्षित ठिकाणाहून, ‘स्टार वॉर्स’च्याच घरातून. २०२२च्या ‘अँडोर’ मालिकेत खासदारीण मॉन मॉथ्मा घरच्या पैशातून बंडाला चोरून रसद पुरवते आणि हिशेबात चार लाखांची तूट येते. ती बुजवायला एक बदनाम सावकार तयार होतो. व्याज नको, दलाली नको. माझ्या मुलाची आणि तुमच्या मुलीची भेट घडवा, एवढंच. दुसऱ्या पर्वाची सुरुवात त्यांच्या लग्नसोहळ्याने होते. प्रकाशतलवारींच्या सगळ्या लढाया एकीकडे आणि पोटच्या पोरीचं स्थळ ठरवताना त्या बाईचा झालेला चेहरा एकीकडे. साम्राज्य उलथवायची किंमत त्या चेहऱ्यावर दिसते, रक्ताच्या अहवालात नाही.

कागदावर हेच काम सेथ डिकिन्सनने २०१५मध्ये ‘द ट्रेटर बारू कॉर्मोरंट’ या कादंबरीत केलं आहे. बारूचं बेट साम्राज्याने व्यापार आणि कागदी नोटा दाखवून गिळलं. ती साम्राज्याचीच हिशेबनीस होते, दुसऱ्या प्रांतात जाते आणि तिथलं शिजणारं बंड मोडायला चलनच मातीमोल करून टाकते. ड्रॅगन नाहीत, भविष्यवाणी नाही, हातात फक्त खातेवही. राज्याभिषेक बघायलाच कादंबरी उघडणाऱ्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये. बाकीच्यांनी एरागॉनचे चार खंड बाजूला ठेवून आधी हीच वाचावी.