भाऊजींना पूर्वज लागले

काय सांगू वहिनी, इतका सरळमार्गी माणूस हो! बँकेत हयात गेली, कधी पान-तंबाखू नाही की पत्त्यांचा डाव नाही. आणि निवृत्त झाल्यावर ही थेरं! आमचे थोरले भाऊजी वंशावळीच्या नादी लागलेत. सकाळी चहा निवतो, आंघोळीचं पाणी निवतं, हे आपले भिंग घेऊन कुणा विसाजीच्या धाकट्या मुलाला शोधतायत. जाऊबाई म्हणतात, "बाहेरख्याली असते तर निदान तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या. हिचा आजा मेला दोनशे वर्षांपूर्वी, उपटू कुणाच्या?"

बरं, एकटेच असते तर झाकून नेलं असतं. पण चांगल्या चांगल्या घरांत हे शिरलंय. कोकणस्थांनी तर जाडजूड कुलवृत्तांत छापून कपाटं भरली. मंगल कार्यालय घेऊन कुलसंमेलनं काय, मूळ पुरुषाच्या तसबिरीला हार काय! त्या मूळ पुरुषाची तसबीर कुणी काढली होती, ते मात्र विचारायचं नाही. वृत्तांतात मुन्सफ झाला त्याला अर्धं पान, आणि दिवाळं काढलं त्याला "पुढे परगावी स्थायिक".

या व्यसनाचं खापर फोडायचं तर इतिहासाचार्य राजवाड्यांवर फोडा. घरोघरच्या माळ्यांवरची दप्तरं उपसत हिंडले आणि 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' यांचा पहिला खंड काढला. पण त्यांना मराठ्यांचा इतिहास मांडायचा होता. आमच्या भाऊजींना काय, तर खापरपणजोबांच्या चुलत्याला दत्तक कुणी घेतलं, ते हवंय!

आणि खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे. या मंडळींना जुने कागद मिळतात ते कसले? भांडणांचे! पाटीलकी कुणाची, कुलकर्णीपण कुणाचं, थोरल्या घरचा मान कुणाला. वाद पेटला की एकेक जण आपल्या घराण्याचा करीना लिहून द्यायचा, मूळ पुरुषापासून झाडून सगळी कुळकथा. मग गोत जमायचं, निवाड्याचा महजर व्हायचा. पुढे इंग्रज आले, 1852 च्या कायद्यानं इनाम कमिशनला हात-पाय फुटले आणि इनामदारांना म्हणाले, दाखवा तुमचा हक्क. झालं! पुन्हा कैफियती, पुन्हा वंशावळी. म्हणजे बघा, एकमेकांच्या उरावर बसले त्यांची नावं पुण्याच्या पुराभिलेखागारात सुखरूप, आणि भाऊ-भाऊ गोडीनं नांदले त्यांच्या नावाचा कपटा नाही. भाऊजी हल्ली देवापुढे हात जोडून म्हणतात, "एखादा तरी दावा सापडू दे रे!" स्वतःच्या आजोबा-पणजोबांनी कोर्टकचेऱ्या केल्या असाव्यात म्हणून नवस बोलणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

त्यात ती मोडी. आधी आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगत सुटायचं. हात उचलायचा नाही, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाची तर पर्वाच नाही. आणि नावं तरी किती असावीत? आजोबांचं नाव नातवाला. त्यामुळे रामचंद्र गणेश, त्याचा गणेश रामचंद्र, त्याचा पुन्हा रामचंद्र गणेश. परवा भाऊजींनी मोठ्या थाटात एका रामचंद्राचं लग्न लावलं, नीट पाहिलं तर नवरी त्याची आजी निघाली!

तुम्ही म्हणाल, पेन्शनरांचे चाळे. छे हो! 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती कुणबी नोंदी शोधायला बसली आणि सगळा मुलूखच या कामाला लागला. तहसिलातली कोतवाल बुकं काय, शाळांची जुनी रजिस्टरं काय. मोडी वाचणाऱ्याला तेव्हा जावयाचा मान आला. पण तिथे पोराबाळांच्या दाखल्यांचा प्रश्न होता, तिथे मी चकार शब्द काढत नाही. आमच्याकडे निव्वळ खाज.

कळस झाला तो त्र्यंबकेश्वरी. तिथल्या तीर्थोपाध्यायांना आडनाव आणि गाव सांगितलं की ते वही काढून पुढ्यात ठेवतात. खापरपणजोबांच्या स्वतःच्या हातची नोंद निघाली वहिनी! आईच्या अस्थी घेऊन आले होते. गाव, बापाचं नाव, आज्याचं नाव, मग भाऊ ओळीनं, मग मुलगे. शाई जराशी फुटलेली, शेवटी सही. भाऊजींच्या म्हणे डोळ्यांत पाणी आलं. माझ्या डोक्यात मात्र भलतंच आलं. घरी आम्ही कायम तीन भाऊ ऐकत आलो, आणि वहीत चार! चौथ्याचं नाव ना श्राद्धाला, ना देवघरातल्या जुन्या पोथीवर, ना सासूबाईंच्या तोंडी.

आणि बायका? त्या तर असून नसल्यासारख्या. लग्नात नाव बदललं की माहेरच्या पानावरून पोरगी उतरली, सासरच्या पानावर दुसरीच कुणी चढली. जुन्या वंशावळींत तर बापाला मुलगे आपोआपच झाल्यासारखं दिसतं. अलीकडच्या कुलवृत्तांतांत लेकी-जावई येतात म्हणा. पण पणजीचं माहेरचं नाव विचारा, सगळी वंशावळ गप्प.

यावरूनच ठिणगी पडली. जाऊबाई एक दिवस उसळून म्हणाल्या, "तुमचे विसाजी-रामाजी पुरे झाले, माझ्या पणजीचं नाव मी शोधते." आता त्यांनाही लागलंय! फरक इतकाच, की त्यांना दप्तर लागत नाही, फोन लागतो. आज मिरजेची मावशी, उद्या बडोद्याची आत्या. भाऊजींना महिनोन् महिने जे गवसत नाही, ते या म्हाताऱ्या भाजी निवडता निवडता सांगतात: कुणाचं लग्न मोडलं, दागिने कुणी गहाण टाकले, दत्तक मुलगा खरा कुणाचा. आणि सगळं सांगून झाल्यावर दर खेपेला तेच, "हे लिहू नकोस हं."

जाऊबाई लिहीत नाहीत. मला सांगतात.

त्या चौथ्या भावाचंही कळलंय. बाई होती, गाणारी होती आणि मिरजेचीच होती. पण पुढचं असं जिन्यात उभ्या-उभ्या नको. दुपारी या, मंडळी झोपली की.