दप्तररक्षणविधी

दुकानाची जागा घेताना वास्तुशास्त्र्याला, भागीदार घेताना वकिलाला आणि जावई करून घेताना उभ्या गावाला विचारणारा आपला व्यापारी, संगणकातले दप्तर कोठे आणि कसे राखावे हा प्रश्न मात्र प्रिंटरची शाई भरायला आलेल्या मुलाच्या स्वाधीन करतो आणि तो मुलगा चहा पिऊन निघून गेला की त्याच्या निर्णयाला ‘आपली सिस्टीम’ असे भारदस्त नाव देतो. पेशवे दफ्तरातले मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले असल्यामुळे पुण्यात आजही गाठ सोडून वाचता येतात. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या हळदीच्या अडत्याला आपल्याच गेल्या हंगामाच्या पट्ट्या पुढल्या हंगामात वाचता येतील की नाही, हे मात्र कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. सबब प्रचलित शिष्टाचारास कोठेही बाध न आणता हा विधी त्याच्यासाठी सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम खरेदी. किती दिवसांचे काम बुडाले तर सोसेल आणि सौदे चालू असताना दुकान किती तास अडून राहिले तर चालेल, असे दोन प्रश्न या विषयातले जाणकार आरंभीच विचारतात. साधकाने ते मनातही आणू नयेत, कारण त्यांची उत्तरे मिळाली की खर्च ठरतो आणि खर्च ठरला की घासाघीस करण्याचे सुख जाते. त्यापेक्षा थेट ‘चार टीबीची केवढ्याला?’ म्हणून विचारावे. घरी आल्यावर संगणक तीच डिस्क ३.६ दाखवतो, तेव्हा विक्रेत्याशी तंटा करावा. वस्तुतः या तंट्यात विक्रेता निरपराध असतो, कारण बनवणारी कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या; शिवाय अडत्याचा टॅलीतला सारा हिशेब बहुधा पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यातही मावतो. परंतु रिकाम्या जागेची जी मालकी असते तिचा दिमाख निराळाच.

यानंतर दोन डिस्कांची पेटी घ्यावी, आणि दोन्ही डिस्का एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घ्याव्यात, म्हणजे त्या एकाच वेळी म्हाताऱ्या होतील. या पेटीची मूळ कल्पना बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांच्या १९८८ च्या निबंधाने प्रसिद्धीस आणली. ‘शेठ, एक गेली तरी दुसरी चालू राहते,’ हे विक्रेत्याचे वाक्य अक्षरशः खरे आहे. एक डिस्क निकामी झाली तरी काम थांबत नाही, ही त्या पेटीची थोरवी. तिची दुसरी थोरवी विक्रेता सांगत नाही: दिवाणजींनी चुकून मार्च महिन्याचे फोल्डर उडवले, तर ती आज्ञाधारक पेटी त्याच क्षणी दोन्ही डिस्कांवरून ते उडवते. मालकाच्या चुकीची इतकी तत्पर नक्कल पगारी माणसालाही साधत नाही. ही पेटी बंद पडण्यापासून रक्षण करते, चुकण्यापासून नाही. तथापि तिच्यावर हिरवा दिवा लुकलुकत असतो आणि त्या दिव्याकडे पाहून झोप उत्तम लागते.

ज्यांना दिवा पुरत नाही त्यांनी क्लाउड घ्यावा. येथेही तोच गोडवा आहे, कारण बहुतेकांनी घेतलेली वस्तू बॅकअप नसून सिंक असते: येथे पुसले की तेथेही पुसले जाते, आणि तिथल्या कचरापेटीची मुदत संपल्यावर विषय मिटतो. जुन्या आवृत्त्या राखून ठेवण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते; ती चालू आहे का, एवढेच कोणी पाहत नाही. फोटो-व्हिडिओंसकट एक टीबी चढवायचे झाल्यास सेकंदाला पन्नास मेगाबिटच्या वेगाने पंचेचाळीस तासांच्या आसपास लागतात, आणि संकटाच्या दिवशी तेवढेच उतरवूनही घ्यावे लागते, हे गणित आधी करणारा मनुष्य रसिक म्हणता येणार नाही. शिवाय ढग म्हणजे अखेर कोणाची तरी इमारतच: १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे डेटा सेंटर जळाले, तेव्हा मूळ प्रत आणि राखीव प्रत एकाच आवारात ठेवणाऱ्यांची दोन्ही गेली.

स्थाननिश्चिती हा या विधीचा गाभा होय. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम असा की प्रती तीन असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक अन्यत्र असावी. आपल्याकडे हा नियम मान्य आहे. फक्त ‘अन्यत्र’ म्हणजे लक्ष्मीच्या तसबिरीखालचे कपाट. २००५ साली आणि २०१९ साली कृष्णा सांगलीत शिरली तेव्हा संगणक आणि कपाट असा भेद तिने केला नाही. या बाबतीत दुष्काळी तालुक्यातल्या सोयऱ्यांची उपयुक्तता आजवर कोणी ओळखलेली नाही. विट्याला मेहुणा असावा, त्याच्याकडे महिन्यातून एकदा डिस्क पोहोचवावी आणि आधीची परत आणावी. नदी इतक्या वर चढत नाही, आणि डिस्कवर संकेतशब्द घालून ठेवला म्हणजे आपली उधारी-उसनवारी मेहुण्याला कळत नाही. दुसरी डिस्क दुकानात असली तरी बॅकअप घेऊन होताच तिची वायर काढून ठेवावी. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या घातकी प्रोग्रामने जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे कामकाज ठप्प केले होते. असले प्रोग्राम जोडलेल्या डिस्केची आणि संगणकाची वेगवेगळी चौकशी करत नाहीत. वायर काढण्याचा खर्च शून्य असल्यामुळे हा उपाय कोणत्याही दरपत्रकात सापडत नाही.

कायद्याचीही थोडी भीती बाळगावी. कंपनी म्हणून नोंदणी असेल तर हिशेबाच्या पुस्तकांची राखीव प्रत भारतातल्या सर्व्हरवर दररोज ठेवण्याचे बंधन ऑगस्ट २०२२ पासून आहे. आपला अडत्या बहुधा मालकी पेढीचा असल्याने यातून सुटतो. पण जीएसटीत नोंद असेल तर वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने दप्तर राखण्याच्या तरतुदीतून सुटत नाही, आणि ‘सिस्टीम फॉरमॅट मारली’ हा खुलासा त्या खात्याच्या नमुन्यात बसत नाही.

राहता राहिली परीक्षा. ‘बॅकअप घेतला का?’ हा प्रश्न रोज विचारावा; ‘उघडून पाहिला का?’ हा कधीही विचारू नये, कारण त्याने घरातली शांतता भंगते. गिटलॅब या नामांकित कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला, तेव्हा असे आढळले की राखणीच्या पाच उपायांपैकी एकही नीट चालत नव्हता. बॅकअप फसल्याच्या सूचना निघत होत्या, पण त्या कोणापर्यंत पोहोचत नव्हत्या. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाती लागली, म्हणून निभावले. जिथे जगभरचे प्रोग्रामर आपले काम ठेवतात तिथली ही कथा. आपल्या दिवाणजींना कोणी दोष देऊ नये.

पाश्चात्त्यांनी ३१ मार्च हा दिवस जागतिक बॅकअप दिन म्हणून ठरवला आहे. त्या दिवशी आपल्याकडे वर्षअखेर असते आणि मुनीम मान वर करत नाही. तेव्हा वाचकांस विनंती अशी की सौदे बंद असतील असा कोणताही दुसरा दिवस धरावा, कपाटातली डिस्क काढून शेजाऱ्याच्या संगणकाला लावावी, आणि गेल्या हंगामातली कोणतीही एक पट्टी त्यावर उघडते का, तेवढे पाहावे.